ओला वाफा

वाफा ओला होता. बाकीचे सगळे कोरडे, आणि भिंतीकडचा तेवढा एकच ओला. तोही कुणाच्या हातून बादली लवंडली असावी असा नव्हे. रोपाच्या बुडाशी ओंजळीनं सोडत जावं, तसं सावकाश घातलेलं पाणी. अजिनाथ सर कुलपाची किल्ली हातात घेऊन फाटकातच थबकले. गावात काल नळ आला नव्हता, आज यायचा नव्हता. शाळेच्या टाकीच्या तळाला होतं ते लेकरांना प्यायला कसंबसं पुरलं असतं. कुलूप तर आत्ता त्यांनीच काढलं. मग हे पाणी आलं कुठून? त्यांनी वाकून मातीला बोट लावलं. माती गार लागली आणि त्या गारव्यानं त्यांच्या अंगावर बारीक काटा आला. भाजी चोरीला गेली असती तर ते एवढे दचकले नसते. चार वांगी गेली, मेथीची जुडी उपटून नेली, हे समजण्यासारखं असतं. नेणाऱ्याला शिव्या घालून माणूस मोकळा होतो. पण इथं कुणी काही नेलं नव्हतं, उलट देऊन गेलं होतं. आपण घरी नसताना कुणी तरी आत शिरावं, आपली उष्टी भांडी घासून पालथी घालून ठेवावीत आणि कडी लावून निघून जावं, तसं काहीतरी. वाफ्याच्या कडेला, पालकाच्या पहिल्या ओळीपाशी, चिखलात एक पाऊल उमटलं होतं. अनवाणी, मोठ्या माणसाचं, टाचेला भेगा असलेलं. सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि का कुणास ठाऊक, आपल्याच चपलेनं ते पाऊल पुसून टाकलं. पुसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, ठेवायला पाहिजे होतं.

दिंद्रुडहून तेलगावला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला लागणारी ही शाळा, सातवीपर्यंतची. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि वर्गात उरतात ती आजी-आजोबांजवळ ठेवलेली लेकरं. मागच्या साली तपासणीला डॉक्टरांचं पथक आलं, त्यांनी पोरींच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आतून सगळ्या पांढऱ्या. आता सातवीत असलेली राजनंदिनी तर प्रार्थनेला उभ्या उभ्या खाली बसली आणि मग आडवीच झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या देतो, पण हिच्या ताटात हिरवं काही पडतं का ते बघा. सरांनी बघितलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सणावाराला बेसन. मग त्यांनी शाळेमागची पडीक पट्टी पोरांकडून साफ करून घेतली, प्रत्येकाला एक वाफा नेमून दिला, पालक, मेथी, शेपू लावलं, कडेनं शेवगा. खिचडी शिजवणाऱ्या विमलबाईंना सांगितलं, रोज काहीतरी हिरवं पातेल्यात पडलं पाहिजे. पहिली खेप पुरती बुडाली. शेळ्या आल्या, माणसंही आली. पाण्याची नळी कुणी कापून नेली, वांगी तर चिमणीएवढी असतानाच गेली. सरांनी कुंपण केलं तर कुंपणाचे खांब गेले. तेव्हा एका सकाळी पूजेला बसलेले असताना त्यांना ते सुचलं. केजहून त्यांनी सिमेंटचं वृंदावन जीपमध्ये घालून आणलं, बागेच्या मधोमध बसवलं, त्यात तुळस लावली. आणि पोरांना तुळशीभोवती बसवून सांगितलं, ही नुसती बाग समजायची नाही, हे देवघर आहे. चपला फाटकाबाहेर. अंघोळ करून, हातपाय धुऊन आत यायचं. मनात किंवा अंगावर मळ घेऊन इथं पाऊल टाकायचं नाही.

त्या दिवसापासून बागेतलं एक पान हललं नाही. येणारे जाणारे रस्त्यावरूनच हात जोडू लागले. सुंदरराव, म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, चारचौघांत सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की सर, तुम्ही तर देवालाच राखणीला बसवलं. सर हसले होते. आतून थोडं टोचलं होतंही, पण ते कीर्तनातले माणूस. आसपासच्या कुठल्याही गावात सप्ताह असो, सायकलला टाळांची पिशवी अडकवून ते जाणार, कीर्तनकाराच्या मागे उभे राहून चाल उचलणार, आणि देव भक्ताच्या घरची असली नसली सगळी कामं करतो हे ऐकून तर त्यांचे केस पांढरे झाले होते. देवानं राखण केली तर त्यात त्याला काय कमीपणा, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजावलं, म्हणजे समजवायची वेळ आली होती, हे मात्र त्यांना कधी कधी आठवायचं.

आता त्या राखलेल्या जागेत कुणी तरी येत होतं. सर रोज लवकर यायला लागले. कधी काही नसायचं. कधी एखादा वाफा ओला, आणि तो पहिल्या दिवसाचा नव्हे, दुसराच. आठवडाभर एकच वाफा ओला राहायचा, मग तिसराच कुठला तरी. ह्यात काही संगती लागेना आणि संगती लागत नाही म्हणून सरांचा जीव जास्तच कुरतडायला लागला. खोडी काढणारा माणूस एका रीतीनं खोडी काढतो. हा माणूस वाफे निवडत होता. कशावरून? पाण्यात मीठ असेल का? मुळं जाळणारं औषध? त्यांनी एकदा ओल्या मातीची चिमूट जिभेवर ठेवून पाहिली आणि लगेच थुंकली, मातीसारखी माती. विमलबाईंवर लक्ष ठेवलं, पण त्या खिचडीच्या वेळेलाच यायच्या आणि बागेत तर त्यांचं पाऊलच नसायचं. पोरांवर लक्ष ठेवलं. पोरं वाफ्यांकडे बघून एकमेकींकडे बघतात असं त्यांना वाटलं, म्हणजे पोरीच. मुलगे आपले पाणी घालून पळायचे. पोरी मात्र काहीतरी जाणून गप्प होत्या. सर जवळ गेले की त्यांचं बोलणं थांबायचं. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना पाठीमागे कुजबूज व्हायची आणि सरांना वाटायचं, हे बागेचंच.

मग एका सकाळी धुक्यात त्यांना भिंतीच्या खिंडारातून एक बादली पलीकडे जाताना दिसली. बादली आणि ती धरणारा हात, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. पलीकडे अजमतबीचं घर. तिचा लेक जमील केजला फळांचा गाडा लावतो, ती एकटीच असते, आणि तिच्या अंगणात बोअर आहे. पावसाळ्यात भिंतीचा एक भाग ढासळला होता तो तसाच राहिला होता. सरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरीकडे आवळल्यासारखं. अजमतबी? ती कशाला? सुंदररावांपाशी ते बोलले, आणि बोलल्यावर त्यांना वाटलं की ह्या माणसापाशी बोलायला नको होतं. सुंदरराव खुर्चीत सरसावून बसले.

"सर, तुमी लई साधे. पदरचं पाणी कुणी दुसऱ्याच्या पालकाला घालतं का? ती पट्टी तिच्या नवऱ्याची होती म्हणत्यात जुनी लोकं. वहिवाट लावायलीय ती. उद्या चार माणसं उभी करंल, म्हनंल हितं मीच पिकवते."

वहिवाट हा शब्द सरांच्या पोटात जाऊन बसला. त्यांना आपलं शेत आठवलं. ते लहान असताना चुलत्यानं बांधावर लिंबाचं रोप लावलं होतं, अगदी बांधाच्या ह्या अंगाला, म्हणजे यांच्या रानात. रोज संध्याकाळी चुलता खांद्यावर घागर घेऊन यायचा, पाणी घालायचा. आई कौतुकानं म्हणायची, बघ, आपल्या रानातल्या झाडाला पाणी घालतोय, असा दीर मिळायला नशीब लागतं. अजिनाथही त्या घागरीमागे धावायचा. चुलता त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचा आणि म्हणायचा, तू बी घाल. झाड मोठं झालं. झाडाला लिंबं लागली. आणि मग एके दिवशी मोजणीवाले आले तेव्हा चुलत्यानं त्या झाडाला हात लावून सांगितलं, हे माझं, लहानाचं मोठं मी केलं, विचारा गावाला. गावानं हो म्हटलं. बांध झाडाच्या ह्या अंगाला सरकला. आई त्यानंतर कितीतरी दिवस लिंबू खात नव्हती. सरांना त्या ओंजळीतलं पाणी अजून आठवत होतं, गार, घागरीच्या तांब्याचा वास येणारं. आणि आपणही त्या झाडाला पाणी घातलं होतं, हे आठवत होतं. पाणी घालणाऱ्या माणसाकडे सरळ डोळ्यांनी बघायचं ते तेव्हापासून विसरले असावेत.

त्याच आठवड्यात तेलगावला सप्ताह होता. कीर्तन रंगात आलं होतं. देव वेष पालटून भक्ताच्या घरी कावडीनं पाणी भरतो, रांजण भरतो, कुणाला कळू देत नाही, खांद्याला घट्टे पडतात तरी बोलत नाही. कीर्तनकारबुवांनी ते असं उभं केलं की मांडवातल्या बाया पदर डोळ्याला लावून बसल्या. सरांच्या गालावरूनही पाणी ओघळत होतं, टाळ मात्र चुकत नव्हता. पण वाफ्याची आठवण त्यांना तिथं झाली नाही. झाली ती परतताना, सायकलवर, आणि ती अशी की आता खिंडार बंद केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सुंदररावांच्या गड्यानं बोराटीच्या फांद्या आणून खिंडार गच्च भरलं. वरून तार गुंडाळली. काटे इतके दाट की मांजर जाणार नाही. पलीकडून कुणी काही बोललं नाही. काम चालू असताना अजमतबी अंगणात कणसं सोलत बसली होती. तिनं एकदा मान वर करून बघितलं आणि परत सोलायला लागली. सरांना ते बघणंही संशयाचं वाटलं. भांडली का नाही? ज्याची वहिवाट मोडते तो भांडतो. नाही भांडत, म्हणजे दुसरं काही मनात धरून असेल.

आणि वाफे वाळायला लागले. सगळे नव्हे. आज हा, चार दिवसांनी तो. जसे ओले व्हायचे तसेच आता कोरडे पडत होते. सर्वांत वाईट राजनंदिनीचा. नळ येऊन गेला, बाकीच्यांनी आपापले वाफे भिजवले, तिच्या पालकानं मात्र माना टाकल्या, कडा करपून कागदासारख्या झाल्या. सरांचा राग आधीच कुठंतरी साठला होता, त्याला वाट मिळाली. सगळ्या वर्गापुढे त्यांनी तिला फाटकाशी उभी केली. ती फाटकाच्या आत आली नाही, बाहेरच राहिली, ओढणीचं टोक मुठीत धरून. सर म्हणाले, ज्याला चार तांबे पाणी घालायचा कंटाळा, त्यानं वाफा सोडून द्यावा. ही बाग कुणासाठी केली, तुझ्यासाठीच ना? तू पडलीस म्हणून ना? तिचा चेहरा पालकासारखाच उतरला होता, ओठांना रंग नव्हता. मागं सुकन्या म्हणून एक पोरगी होती, ती काही सांगायला गेली तर बाकीच्यांनी तिचा हात दाबला. सरांनी ते दाबणं पाहिलं. कट, त्यांच्या मनात आलं. ही सगळी मिळून माझ्याविरुद्ध काहीतरी लपवतायत.

राजनंदिनी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. मग कळलं, ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी माणसं न्यायला गावात येणार आहे, तिच्यातून तिला आईबापांकडे उसाच्या फडावर पाठवतायत. एकदा फडावर गेलेली पोर परत शाळेत आलेली सरांनी फार थोडी बघितली होती. तिथं ती पाचटाच्या कोपीत भाकऱ्या थापणार, धाकट्याला सांभाळणार, मोळ्या बांधणार, आणि पुढच्या दसऱ्याला तिचंच लग्न करून तिचाच कोयता होणार, नवरा-बायकोची तोडीची जोडी. हे सगळं त्यांना एका दमात दिसलं. आणि ह्याच्या मुळाशी काहीतरी पलीकडच्या घरात आहे, त्या बाईनंच पोरींना फितवलंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. शाळा सुटल्याबरोबर ते तडक अजमतबीच्या दारात गेले. तिच्या अंगणात ते ह्यापूर्वी कधी शिरले नव्हते. बाजेवर मिरच्या वाळत होत्या, कोपऱ्यात तीच बादली पालथी घातलेली.

"काटे तुमीच लावले ना, मास्तर?" अजमतबी म्हणाली. तिनं मिरच्या एका बाजूला सारून बाजेवर जागा केली. सर बसले नाहीत. त्यांनी सांगितलं की पट्टी शाळेच्या नावावर आहे, कागद आहेत, नवऱ्याचं काय होतं ते त्यांना माहीत नाही.

ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिला हसू आलं. "जमीन? मला लागंल तेवढी तिकडं कबरस्तानात हाय, बाबा. ती बी कुणी नावावर करून देत न्हाई."

"मग पाणी कावून घालत होता?" रागात त्यांच्या तोंडून घरचीच बोली निघाली.

अजमतबीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, एक मिरची उचलून देठ मोडला, परत ठेवली. सांगू की नको असं तिचं चाललेलं दिसत होतं, आणि सरांना वाटलं, आता ही खोटं रचतेय.

"तुमाला घरात बायको हाय ना, मास्तर," ती शेवटी म्हणाली, खाली बघूनच. "पोरींचं महिन्याचं असतं. त्या दिवसांत तुमच्या देवापाशी त्या कशा यायच्या? तुमीच म्हणलात ना, अंगावर मळ घेऊन यायचं न्हाई. पोरी भिताडावरून हाक मारत्यात, अजमतबी, आज माझ्या वाफ्याला घाल. मी घालते. तुळशीला शिवत न्हाई मी. लांबूनच."

सरांना काही ऐकू आलं नसावं तसे ते उभे राहिले. रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज तेलगावच्या दिशेनं विरत गेला.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुमाला कोण सांगंल?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच त्यांना लागलं. "अन् ती राजनंदिनी. तिचं तर थांबतच न्हाई लवकर. पंधरा-पंधरा दिवस. रगत न्हाई अंगात, जे हाय ते असं जातं. तिचा वाफा मीच जास्त भिजवलाय."

सर बाजेच्या कडेवर टेकले. त्यांना आपलं घर दिसत होतं. मंजुषा, त्यांची बायको, महिन्यातल्या त्या दिवसांत तुळशीला पाणी घालत नाही, ते घालतात. लग्न झाल्यापासून घालतात. कधी विचारलं नाही, कधी बोलले नाहीत. तांब्या उचलायचा आणि अंगणात जायचं, दुसऱ्याच्या वाटणीचं पाणी घालून यायचं, एवढं साधं. तो तांब्या त्यांच्या हाताला ठाऊक होता आणि डोक्याला ठाऊक नव्हता. ज्या पोरीसाठी मळा लावला तीच सगळ्यांत जास्त दिवस फाटकाबाहेर उभी, आणि तिथं तिला उभं करणारी ती तुळस त्यांनी भक्तीनं लावली होती का? चोरांसाठी लावली होती. चोर बाहेर राहिले, आणि त्यांच्याबरोबर ह्याही. त्यांना अजमतबीला काहीतरी म्हणायचं होतं. जे म्हणायचं ते तोंडात येईना म्हणून ते उठले, खिंडारापाशी गेले आणि हातानंच बोराटी उपसायला लागले. तार हाताला कापली. अजमतबी म्हणाली की थांबा, कोयता देते, पण ते थांबले नाहीत.

राजनंदिनीची आजी, भिवराबाई, ओट्यावर बाजरी पाखडत होती. हाताला रुमाल गुंडाळलेल्या सरांना बघून तिनं सूप खाली ठेवलं, पण या म्हणाली नाही. आतल्या अंधारात दाराच्या कोपऱ्यात राजनंदिनी पोत्यावर बसली होती, बाजूला तिचा एकटीचा पेला. शेजारी कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली. सरांनी ते पोतं पाहिलं आणि पेला पाहिला. वाटेत त्यांनी पुष्कळ जुळवलं होतं, दाखले, शब्द. ते सगळं त्यांनी सोडून दिलं.

"राजनंदिनी," ते ओट्याखालूनच म्हणाले, "चल. वाफ्याला पाणी घालायचंय."

आतून आवाज आला, "आज न्हाई जमायचं, सर."

"आजच ये."

भिवराबाईचे हात थांबले. तिनं सरांकडे मान वळवली, पायापासून वरपर्यंत बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या खाली दुसरं काही. एकटी पोर, आईबाप लांब, आणि हा बाप्या माणूस दारात उभा राहून हे बोलतोय.

"तुमाला कुणी सांगितलं हे?" ती हळू म्हणाली. "बायकांच्या गोष्टीत तुमाला काय करायचंय, सर?"

सरांच्या कानशिलांत रक्त चढलं. आपल्याकडे, गळ्यात माळ असलेल्या माणसाकडे, असं कुणी बघू शकतं हे त्यांना कधी वाटलं नव्हतं. रागावून निघून जायला पाय उचलला जात होता, पण मुकादमाची गाडी यायची होती.

"मला काही करायचं न्हाई," ते म्हणाले. "वाफा तिचा हाय. चारही दिवस तिचाच हाय. जे सांगितलं होतं ते मी चुकीचं सांगितलं, उद्या सगळ्यांपुढे तसंच सांगणार हाय."

राजनंदिनी दारात आली, उंबऱ्याच्या आत. तीही त्यांच्याकडे आजीसारखीच बघत होती, पारखून, एखादं खोटं नाणं असावं तसं.

"अन् वाळला तर?"

"वाळला तर परत पेरू."

"अन् तुळस वाळली तर?"

खरं तर मनात कुठंतरी त्यांनाही तेच विचारायचं होतं, कुणाला तरी, आणि विचारण्यासारखं कुणी नव्हतं. वाळणार नाही असं ते म्हणू शकले असते. पोरीला ते खोटं वाटलं असतं, आणि ते खोटंच असतं, कारण त्यांना माहीत नव्हतं. ओट्यावर बाजरीचा भुसा वाऱ्यानं सरकत होता.

"वाळली तर ती बी दुसरी लावू," ते म्हणाले. "पण तू नसलीस तर वाळली का राहिली, मला काय करायचंय."

भिवराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी बी येते. बघते तुमी काय करता ते."

तिघं शाळेकडे निघाले. पुढं राजनंदिनी, मधे आजी, आणि खूप मागं सर. फाटकाशी पोर थांबली, चपला काढल्या, मागं वळून पाहिलं आणि आत गेली. तांब्यातलं पाणी तिनं पालकाच्या बुडाशी ओंजळीनं सोडलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुळशीकडे ती गेली नाही. सरांनीही जा म्हटलं नाही. भिवराबाई मात्र नातीकडे बघतच नव्हती. फाटकाच्या खांबाला टेकून ती सरांवर डोळे रोखून उभी होती, ते कुठं बघतात, कसे उभे राहतात, हात कुठं आहेत. सर फाटकाच्या बाहेर, तिला दिसतील असे उभे राहिले आणि तिला बघू दिलं.